भिंती नंतर रंगवा, आधी कारागिराला जागा द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

स्वच्छ सर्वेक्षणाचे दिवस जवळ आले की कोल्हापुरात शाळांच्या कंपाउंड भिंती, दवाखान्यांची आवारे, पुलांचे कठडे रंगू लागतात. पैलवान, फेटा, अंबाबाईचे शिखर, रंकाळ्याचा सूर्यास्त. एक पावसाळा सरतो आणि खालच्या तीन फुटांत पोपडे सुटतात. दुसरा सरतो आणि त्याच भिंतीवर क्लासच्या जाहिराती चिकटतात. शहर विकासाच्या आराखड्यांत या खर्चाला ‘कलेच्या माध्यमातून पुनरुज्जीवन’ असे भारदस्त नाव असते. आमचे म्हणणे सरळ आहे. जुनी पेठ कलेमुळे पुन्हा नांदती होते, पण त्यासाठी कलावंत आणि कारागीर तिथे रोज कामाला असावे लागतात. कलेसाठी राखलेल्या पैशाचा मोठा वाटा कामाच्या जागांवर आणि त्यांच्या देखभालीवर जायला हवा. भिंतींचा क्रमांक त्यानंतरचा.

ही गोष्ट कोल्हापूरने बाहेरून शिकण्यासारखी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबाग मैदान आणि १९१५ मध्ये त्याला लागूनच पॅलेस थिएटर, म्हणजे आजचे केशवराव भोसले नाट्यगृह, उभे केले. नाटकाला गावात जागा मिळाली की पडदे रंगवणारे लागतात, सुतार लागतात, शिंपी, रंगपटवाले, वाद्ये दुरुस्त करणारे लागतात आणि ते आसपास राहू लागतात. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नाटकांचे पडदे रंगवणारे. बाबूरावांनी पुढे इथेच कॅमेरा घडवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्या कंपनीत हात तयार झालेल्या माणसांनी १९२९ मध्ये कोल्हापुरातच ‘प्रभात’ सुरू केली. १९३३ मध्ये ‘प्रभात’ पुण्याला गेली, तीही जाताना हात बरोबर घेऊन गेली. शहराजवळ उरते ते काम करण्याची जागा आणि तिथे शिकणारी पुढची पिढी. जागा नसेल तर उरतात फक्त पुतळे आणि रस्त्यांची नावे.

आता भिंतींविषयी, कारण चूक तिथे सर्वांत ढोबळ आहे आणि टाळायला सर्वांत सोपी. रंग निघतो तो बहुतेक वेळा भिंत ओली असल्यामुळे, डब्यातला रंग हलका असल्यामुळे नव्हे. भिंतीच्या पायातली ओल विटांतून वर चढते आणि येताना क्षार आणते. पाणी उडून जाते, क्षार रंगाच्या थरामागे साठून फुगतात आणि थराला आतून ढकलतात. म्हणून पोपडे नेहमी खालच्या दोन-तीन फुटांत दिसतात. पूरपट्ट्यात तर प्रश्न आणखी मोठा. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे आणि २०१९ व २०२१ या दोन्ही महापुरांत पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. कित्येक दिवस पाण्यात राहिलेला गिलावा वरून कोरडा दिसला तरी आतून वाळायला महिने घेतो. याची तपासणी कुणालाही करता येते. जाड प्लास्टिकचा दोन फूट बाय दोन फूट तुकडा चारही कडांना टेप लावून भिंतीवर घट्ट चिकटवावा आणि २४ तासांनी पाहावे. आतल्या बाजूला दव धरले असेल तर त्या भिंतीला तूर्त हात लावू नये.

भिंत कोरडी ठरल्यावर क्षार तारेच्या ब्रशने कोरडेच झाडून काढावेत. पाण्याने धुतले की ते विरघळून पुन्हा आत शिरतात आणि महिन्याभरात परत फुटतात. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला पाणी मारणे आणि सुकणे धरून किमान २८ दिवस द्यावेत. त्याआधी त्यातला अल्कलीचा भाग तीव्र असतो आणि काही रंगद्रव्ये अक्षरशः जाळतो. त्यावर अल्कली सोसणारा बाहेरचा प्रायमर, खड्डे असतील तिथे पांढऱ्या सिमेंटची पुट्टी आणि वर पूर्ण अ‍ॅक्रिलिक बाह्य इमल्शनचे दोन हात. घरात वापरायची अ‍ॅक्रिलिक पुट्टी अनेकदा बाहेरही लावली जाते; ती पहिल्या जोरदार पावसात मऊ होते आणि चित्रासकट खाली येते. वीस फूट उंच, पन्नास फूट लांब अशा १००० चौरस फुटांच्या भिंतीला साधारण ९ ते १० लिटर प्रायमर आणि १८ ते २० लिटर इमल्शन लागते. बिलात याच्या निम्मा रंग दिसला, तर पाणी किती घातले हे विचारायला हवे. गेरू, पिवळी माती, लोहाचा काळा, निळ्यात अल्ट्रामरीन हे उन्हात तग धरतात. भडक गुलाबी, लिंबासारखा पिवळा आणि चमकणारे फ्लोरोसंट रंग पश्चिमेच्या भिंतीवर एक-दोन उन्हाळ्यांत उडतात. चित्रकाराने आराखडा करतानाच ही यादी समोर ठेवावी.

काम करण्याचा काळ डिसेंबर ते फेब्रुवारीचा पूर्वार्ध. पावसाळ्यात भरलेली ओल उतरायला ऑक्टोबर-नोव्हेंबर लागतात, आणि एप्रिल-मे मध्ये भिंत इतकी तापते की रंग ब्रशखालीच सुकतो, थर एकमेकांत जुळत नाहीत. निविदा मार्चअखेर खर्च दाखवण्यासाठी निघाली, तर काम नेमके चुकीच्या महिन्यांत होते. तळाचे तीन फूट तर चित्रात घेऊच नयेत. ते साध्या चुन्याच्या गिलाव्याचे ठेवावेत, दरवर्षी सफेदी मारता येते.

जुन्या पेठांतल्या वाड्यांना हे काहीही लागू नाही. तिथला गिलावा चुन्याचा आहे. तो ओल आत घेतो आणि बाहेर सोडतो, म्हणूनच शंभर वर्षे टिकला. त्यावर इमल्शनचा बंद थर दिला की ओल आत कोंडते आणि दोन-चार वर्षांत गिलावा ढपल्यांनी सुटतो. अशा भिंतीला चुन्याची सफेदी, त्यात मातीचे रंग, किंवा फार तर सिलिकेट रंग चालतो. काळ्या दगडाला तर कोणताच रंग देऊ नये. घाटाच्या पायऱ्या, दीपमाळा, तटाच्या भिंती, जोती यांवर एकदा ऑइल पेंट बसला की तो दगडाच्या छिद्रांत शिरतो. मग तो काढण्यासाठी कुणीतरी वाळूचा मारा सुचवतो आणि पाथरवटाच्या टाकीचे घाव रंगाबरोबर कायमचे जातात. शहरात याची उदाहरणे जाता-येता दिसतात आणि ती पाहून वाईट वाटते.

निविदेची पद्धतही बदलली पाहिजे. चौरस फुटाला सर्वांत कमी दर हा नियम डांबरीकरणाला ठीक. चित्राला लावला की ठेका रंगारी घेतो, त्याच्याकडून दुसरा घेतो आणि परांचीवर चढणाऱ्या मुलाच्या हाती दिवसाची मजुरी तेवढी पडते. काम दोन भागांत तोडावे. भिंतीची तयारी, परांची, सुरक्षेचे पट्टे, रंग हे नेहमीच्या निविदेने द्यावे. चित्राचे मानधन आधीच ठरवून जाहीर करावे आणि निवड रेखाटनांवरून करावी. एकूण रकमेतले दहा टक्के राखून ठेवावेत आणि दोन पावसाळे काढल्यावर, डागडुजी करून घेऊन, द्यावेत. करारात आणखी एक कलम हवे: भिंत पाडायची किंवा पुन्हा रंगवायची वेळ आली तर चित्रकाराला किती दिवस आधी कळवायचे. दिल्लीच्या विज्ञान भवनातले शिल्पकार अमरनाथ सहगल यांचे भव्य भित्तिशिल्प १९७९ मध्ये काढून गोदामात टाकले गेले. दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिला, उरलेले अवशेष परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सांगितले. आपल्या कलाकृतीची मोडतोड झाली तर दाद मागण्याचा हक्क कॉपीराइट कायद्याचे ५७ वे कलम कलावंताला देते, आणि तो स्थानिक संस्थांच्या करारांतही लिहिलेला असावा.

भिंतींच्या समर्थनासाठी दिल्लीच्या लोधी कॉलनीचे नाव घेतले जाते. २०१५-१६ पासून तिथे झालेली चित्रे उत्तम आहेत, यात वाद नाही. पण ती सरकारी निवासस्थाने आहेत. मालक एकच, भिंती उंच आणि सपाट, पुढे रुंद पदपथ आणि झाडे. वस्तीचे नाव झाले म्हणून तिथल्या कर्मचाऱ्याचे घरभाडे वाढत नाही. शिवाजी पेठेत किंवा शुक्रवार पेठेत एकेका भिंतीला चार वारस, खाली दुकान, मध्ये विजेचे मीटर आणि वर कुळ असते. तिथे भिंतीपासून सुरुवात करणे म्हणजे चुकीच्या टोकाला धरणे.

मग बरोबर टोक कोणते? सर्वांत आधी केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते जळाले आणि सगळे शहर हळहळले. पुनर्बांधणीत लोकांचे लक्ष दर्शनी भागाकडे आणि खुर्च्यांकडे असते. नाट्यगृह चालते ते मात्र मागच्या दारावर. नेपथ्याचे फ्लॅट्स, म्हणजे रंगवलेल्या उभ्या चौकटी, आठ फूट उंच असतात. ते उभे आत जायचे तर दार किमान दहा फूट उंच आणि आठ फूट रुंद हवे, आणि धक्का टेम्पोच्या फाळक्याच्या पातळीला हवा. नाहीतर प्रत्येक प्रयोगाला चार माणसांची जादा मजुरी पडते आणि दौऱ्यावरच्या संस्था त्या गावाला टाळतात. दोन्ही विंगांना रंगमंचाच्या निम्म्या रुंदीइतकी मोकळी जागा हवी. डिमर (दिवे मंद-प्रखर करणारी यंत्रणा) आणि विजेचे मुख्य पॅनेल रंगमंचाखाली किंवा पडद्यांशेजारी न ठेवता वेगळ्या, आगीला दाद न देणाऱ्या खोलीत असावे. सगळ्या केबल धातूच्या नळीतून न्याव्यात, आणि रंगमंच व प्रेक्षागृह यांच्यामध्ये वेळेला खाली येणारा अग्निरोधक पडदा असावा. रंगमंच हा लाकूड, कापड, तारा आणि तापलेले दिवे एकत्र असलेला भाग आहे. तिथली आग तिथेच अडली तर छप्पर वाचते.

कापडी पडद्यांना अग्निरोधक द्रावण दिल्याचे प्रमाणपत्र फाइलला लागते आणि विषय संपतो. हे द्रावण अनेकदा पाण्यात विरघळणारे असते. पडदा एकदा धुतला की ते निघून जाते. दरवर्षी आणि प्रत्येक धुण्यानंतर पडद्याच्या शिलाईजवळची अर्धा इंच रुंद, चार इंच लांब पट्टी कापावी, बाहेर उघड्यावर चिमट्यात धरून खालच्या टोकाला १२ सेकंद ज्योत द्यावी. ज्योत काढल्यावर दोन सेकंदांत विझली नाही, किंवा जळते थेंब पडले, तर पडदा पुन्हा प्रक्रियेला पाठवावा. पाच मिनिटांचे काम आहे.

त्याच आवारात, किंवा जवळच्या एखाद्या रिकाम्या महापालिका इमारतीत, तालमीची खोली हवी. तीस फूट बाय चाळीस फूट, बारा फूट उंची, लाकडी जमीन, रात्री अकरापर्यंत उघडी आणि तासावर मिळणारी. राज्य नाट्य स्पर्धेला उतरणाऱ्या हौशी संस्थांची खरी अडचण ही आहे. शाळेचे वर्ग बाके हलवून मिळतात, परीक्षा आली की जातात. नाट्यगृह महिन्यातल्या काही संध्याकाळी उजळते. तालमीची खोली रोज उजळते. चहाची गाडी, शिंपी, झेरॉक्सवाला, भाड्याने स्पीकर देणारा यांचा धंदा त्या रोजच्या वर्दळीवर चालतो. पुनरुज्जीवन हा मोठा शब्द आमच्या मते एवढ्या साध्या हिशेबावर उभा आहे.

दुसरी जागा शाहू मिल. १९०६ मध्ये पाया घातलेली ही गिरणी बंद पडून दोन दशके उलटली. २०२२ मध्ये स्मृतिशताब्दीच्या कृतज्ञता पर्वात तिचे दरवाजे उघडले, प्रदर्शने भरली, आणि माणसे आत जायला किती उत्सुक आहेत ते दिसले. चित्रकार आबालाल रहिमान ज्या कोटितीर्थ तळ्याच्या काठी चित्रे काढत, ते तिच्या शेजारीच आहे. शाहू महाराजांच्या स्मारकाच्या आराखड्यात संग्रहालयाइतकीच जागा कामाच्या गाळ्यांना मिळावी, अशी आमची मागणी आहे. गिरणीची शेड त्यासाठी सोयीची असते: उंच छप्पर, खांबांमधले मोठे अंतर, जड यंत्रे पेलणारी जमीन. चित्रकाराला अडीचशे-तीनशे चौरस फूट आणि उत्तरेचा उजेड पुरतो. शिल्पकाराला थ्री फेज वीज, जड वजन उचलणारा चेन-ब्लॉक टांगायला तुळई आणि धूळ बाहेर टाकणारा पंखा लागतो. मातीकाम करणाऱ्याला पाण्याबरोबर गाळ बसवणारी दोन टप्प्यांची टाकी लागते, नाहीतर पहिल्याच वर्षी ड्रेनेज तुंबते आणि सगळ्यांचे भांडण होते. आधी छप्पर, पन्हाळी, वीज आणि स्वच्छतागृहे, सजावट त्यानंतर. कोचीत २०१२ पासून बिएनाले हे मोठे कलाप्रदर्शन जुन्या गोदामांतच भरते, तीही गोदामे फारशी न बदलता. त्याच बिएनालेच्या २०२२ च्या पर्वात तयारी अपुरी राहिल्याने उद्घाटन १२ डिसेंबरवरून २३ डिसेंबरवर गेले. कलावंत आले होते, जागा तयार नव्हत्या.

शाहूपुरीची कुंभार गल्ली हे कलाकेंद्र आहे, हे आपल्या आराखड्यांना अजून मान्य नाही. २०१९ आणि २०२१ या दोन्ही महापुरांचे पाणी तिथे शिरले, तेही गणपतीच्या हंगामात. शाडूची मूर्ती सावलीतच वाळवावी लागते. उन्हात ठेवली तर बाहेरचा थर आधी आवळतो आणि तडकतो, आणि जुलैच्या दमट हवेत वाळायला दुप्पट दिवस घेते. जागा अपुरी म्हणून कारागीर लवकर सुकणाऱ्या प्लास्टर ऑफ पॅरिसकडे वळतो. त्याला शाडूचे महत्त्व समजावण्याची गरज नाही, ते त्याला ठाऊकच आहे. पूररेषेच्या वर जोते असलेली सामाईक शेड, दोन्ही बाजूंनी वारा, दुधी पत्र्यांचा उजेड, लोखंडी मांडण्या आणि पाणी वाढू लागले की मूर्ती हलवण्यासाठी चाकांचे गाडे, एवढे मिळाले तर गल्ली टिकेल आणि शाडूही टिकेल.

चपलेच्या बाबतीत चूक उलट्या दिशेने होते. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे धरून. त्यानंतर ‘क्राफ्ट स्ट्रीट’च्या कल्पना निघतात. दगडी फरशी, जुन्या धाटणीचे दिवे, सारख्या पाट्या. रस्ता देखणा होतो, विक्री वाढते, पण सुभाषनगरात घरात बसून वेणी घालणाऱ्या, पट्टे शिवणाऱ्या माणसाला त्यातले काही मिळत नाही. उलट दुकानात यंत्रावरचा माल शिरतो. विक्रीच्या रस्त्यावरच काही गाळे प्रत्यक्ष कामासाठी राखायला हवेत. ते तळमजल्यावरच हवेत, कारण ऐरणीचा ठोका वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांना सोसवत नाही. पावसाळ्यात कातड्याला बुरशी धरते म्हणून जमिनीपासून वर फळ्यांची कोरडी कोठडी हवी. बाभळीची साल आणि हिरडा लावून कातडे कमावण्याचे काम पेठेत आणू नये. त्याचे पाणी वेगळे हाताळावे लागते, ते शहराबाहेर योग्य व्यवस्थेतच राहावे.

आता सर्वांत नाजूक मुद्दा, भाड्याचा. कलावंत पडीक भागात जातो, भागाचे नाव होते, भाडे वाढते आणि कलावंत बाहेर पडतो. हे जगभर झाले आहे. मुंबईच्या गिरण्यांबाबत तर नियम असूनही लाभ निसटला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करून मोकळ्या जागेला आणि घरांना वाटा दिला होता. २००१ च्या दुरुस्तीने तो हिशेब फक्त रिकाम्या जमिनीपुरता उरवला आणि सार्वजनिक वाटा आक्रसला. म्हणून आश्वासनावर न राहता अट भाडेपट्ट्यातच लिहावी.

इथे महापालिकेची खरी अडचण आम्हाला ठाऊक आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ प्रमाणे मालमत्ता बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात देता येत नाही आणि आयुक्तांना स्वतःच्या अधिकारात बारा महिन्यांपलीकडे भाडेपट्टा करता येत नाही. म्हणून सगळे करार अकरा महिन्यांचे होतात. अकरा महिन्यांसाठी कुणी भट्टी बसवत नाही, प्रेस आणत नाही, शिकाऊ मुलगा ठेवत नाही. यावर मार्ग आहे. भाडे हिशेबात बाजारभावानेच लावावे, आणि कारागिराने भरायची रक्कम व बाजारभाव यांतला फरक सांस्कृतिक लेखाशीर्षातून, सभागृहाच्या मंजुरीने, उघडपणे अनुदान म्हणून वळता करावा. लेखापरीक्षणाला आक्षेप राहत नाही आणि कलेवर शहर किती खर्च करते हे नागरिकांना दिसते. पट्टा पाच वर्षांचा, पुढे पाच वर्षांची मुभा. भाडेवाढ वर्षाला पाच टक्क्यांच्या आत. गाळ्याचा सत्तर टक्के भाग प्रत्यक्ष कामासाठी. पोटभाडेकरू आढळल्यास पट्टा रद्द. वर्षातून ठरावीक दिवस शिकाऊ मुलांसाठी दार उघडे.

पैसा कुठून, तर त्यालाही नमुने आहेत. फिलाडेल्फियाने १९५९ मध्ये सार्वजनिक बांधकाम खर्चाचा एक टक्का कलेसाठी बंधनकारक केला. मुंबईत काळा घोडा महोत्सव १९९९ मध्ये सुरू झाला, तोच मुळी त्या परिसरातल्या जुन्या वास्तूंच्या जतनाला पैसा उभा राहावा म्हणून. कोल्हापूर महापालिकेने आपल्या मोठ्या बांधकामांवर एक टक्का धरावा आणि त्यातला किमान चाळीस टक्के भाग देखभालीसाठी वेगळ्या खात्यात ठेवावा. देखभालीचे खाते नसलेली कला तीन वर्षांत कचरा होते. पुतळ्यांभोवतीचे गंजलेले कठडे आणि बंद पडलेली कारंजी याची साक्ष देतात.

येत्या अंदाजपत्रकात महापालिकेने तीन गोष्टींची तरतूद करावी, अशी आमची विनंती आहे: तालमीची एक खोली, कुंभार गल्लीसाठी पूररेषेवरची एक सामाईक शेड, आणि महापालिकेच्याच रिकाम्या गाळ्यांपैकी दहा गाळे वरील अटींवर. रिकाम्या गाळ्यांची यादी मालमत्ता विभागाने प्रभागवार, चौरस फूट, वीजजोड आणि पाण्याची सोय यांसह प्रसिद्ध करावी, म्हणजे कोणता गाळा कोणत्या कामाला योग्य आहे हे सांगणारी टिपणे आम्ही विनामोबदला करून देऊ.

आपले नम्र,
कोल्हापुरातील काही चित्रकार, नेपथ्यकार आणि वास्तुरचनाकार